सातव्या संचातला चोर

त्रिपुरारी सरांनी पुस्तक टेबलावर असं आदळलं की भवेश झांचा चहा बशीत सांडला.

"नाव हवंय मला. माझ्या चारशे पोरांसमोर हवंय. तिथेच त्याला नाक घासायला लावीन, मग पाटण्यात त्याला कोण उभं करतं ते बघू!"

झांच्या खासगी गुप्तहेरगिरीत बहुतेक लग्नाआधीच्या चौकशा यायच्या. अपमानाचा गुन्हा पहिल्यांदाच आला होता. त्यांनी टेबल पुसलं आणि पुस्तक उघडलं. स्पर्धापरीक्षेला नव्याने बसणाऱ्यांसाठी ते सरांच्या क्लासने काढलं होतं, 'सांकेतिक भाषा : पहिली पायरी'.

नियम सोपा होता. शब्दातलं प्रत्येक अक्षर इंग्रजी वर्णमालेत तीन घरं पुढे सरकवायचं. उकलताना तीन घरं मागे यायचं. काल भर वर्गात अंशु नावाच्या नव्या मुलीने पुस्तकातला सातवा प्रश्नसंच सोडवला आणि उत्तर मोठ्याने वाचलं, "सर चोर है."

"पुस्तक केव्हा निघालं?"

"दोन महिने झाले."

"आणि दोन महिने कोणालाच सुटलं नाही?"

"ते तुम्ही शोधा. मी चोराला शोधायला आलोय," सर गुरगुरले.

ते गेल्यावर झांचा मदतनीस नौशाद पेन्सिल घेऊन बसला. स्कूटर त्याची झकास चालायची, डोकं जरा ढकलावं लागायचं. दुसरा शब्द होता ई-जे-क्यू-टी. तीन घरं मागे येऊन त्याने लिहिलं, बी-जी-एन-क्यू.

"झाजी, ह्यात चोर नाही आणि पोलीसही नाही. पोरीला स्वप्न पडलं असणार."

"पोरीलाच विचारू."

रडून रडून अंशुचे डोळे सुजले होते. क्लासमधून काढलं तर तिला गावी परतावं लागणार होतं. तिने ई वर बोट ठेवलं. "एक. मग डी, दोन. सी, तीन. म्हणून सी." असं करत सी, एच, ओ, आर. चोर.

"अगं, ज्या घरात उभी आहेस तेही मोजतेस होय?" नौशाद हसला. "हे तर दोनच घरं मागे झालं!"

"मी चुकले का, सर?"

"चुकलीस," झा म्हणाले, "पण फार कामाची चूक केलीस."

छापखान्यात विचारल्यावर कळलं, पुस्तकाच्या शेवटच्या प्रुफावर कोणीतरी चिठ्ठी चिकटवून संच बदलला होता. असल्या विचित्र अक्षरांचं प्रूफ कोण वाचतं? छापखान्याने दिसलं तसं छापलं. ते प्रूफ तिघांच्या हातातून गेलं होतं.

पहिला प्रणव, क्लासमधला धाकटा शिक्षक. प्रश्न सगळे त्याचे होते, मुखपृष्ठावर नाव मात्र एकट्या सरांचं. "राग आहेच," तो म्हणाला. "पण स्वतःच्याच पोटावर पाय कोण देईल? सात आणि एकोणीस हे दोन्ही संच छपाईत बिघडलेत असं समजून मी शिकवताना गाळायचो. सरांना बोललो नाही, ओरडले असते. ती अंशु नवी, तिला कोण सांगणार? चौथ्या बाकावरून मीच तिला तीन बाकं मागे पाठवली होती. सातव्या बाकावर बसून एकटीच सोडवत राहिली."

दुसरी शबनम, टायपिंग करणारी. "ईदलासुद्धा कामाला बसवलं होतं त्यांनी. तेव्हा शिव्या मनातल्या मनात दिल्या, छापल्या नाहीत," ती फटकन म्हणाली. मग तिने मूळ कागद काढून दिले. "सातवा अठ्ठाविसाव्या पानावर होता. चित्रं घातली तसा तीन पानं पुढे सरकला, एकतिसावर."

तिसरे रामसुहाग ठाकुर, पुस्तकं बांधणारे. प्रुफांची ने-आणही तेच करत. खळीने बोटं पांढरी झालेली, माणूस अबोल.

"चाचा, ह्या फर्म्यापासून तीन पुढचा दाखवता?" झांनी छापील पानांच्या एका गठ्ठ्यावर, म्हणजे फर्म्यावर, हात ठेवला.

ठाकुरांनी आधी त्याच गठ्ठ्यावर बोट ठेवलं. एक. शेजारचा, दोन. त्यापुढचा उचलून झांच्या हातात दिला.

वरच्या फळीवर लाल कापडात बांधलेली एक वही होती, पुठ्ठ्यावर त्रिपुरारी सरांच्या क्लासचा शिक्का.

"कोणाची?"

"मुलाची. अवनीशची. आता लागत नाही त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग गच्च भरला होता. तिघांना पुढे उभं केलं होतं.

झा सरांच्या कानाशी वाकले. "अजूनही सांगतो, आत खोलीत बोलू."

"इथेच!"

"ठीक. ज्याने हा संच बदलला त्याला वाटत होतं की आपण तीन घरं पुढे गेलो. गेला दोनच, कारण अंशुसारखं त्याने उभं असलेलं घरही मोजलं. म्हणून नीट शिकलेल्यांना दोन महिने काहीच लागलं नाही. प्रणव चौथ्या बाकापासून तीन मोजून सातव्यावर जातो. शबनम अठ्ठाविसापासून एकतिसावर. दोघांचं मोजणं बरोबर आहे. आपल्या कामात हातातला फर्मा धरून मोजणारा एकच आहे."

"ठाकुर?" सरांचा विश्वास बसेना. "तू? माझं मीठ खाऊन? सांग ह्या पोरांना, काय चोरलं मी तुझं?"

ठाकुरांनी ती लाल वही छातीशी धरली होती.

"माझा अवनीश ह्याच वर्गात पहिला यायचा. सर म्हणाले, दुसऱ्या मुलाच्या नावाने परीक्षेला बस, तुझ्या नोकरीचं मी बघतो. तो पकडला गेला. पोलिसांनी विचारलं तेव्हा सर म्हणाले, ह्या मुलाला मी ओळखत नाही. त्याला जन्मभर कुठल्याच परीक्षेला बसता येणार नाही. तीन वर्षं पोरगा भिंतीकडे तोंड करून बसलाय. त्याच्या वहीतून शिकलो मी हे, रोज चार अक्षरं. दोन महिने वाट पाहिली. कोणी बोलेना, मला वाटलं पोरं घाबरली. मोजणंच चुकलं होतं, हे आज कळलं."

"खोटं!" सर किंचाळले. "पुरावा काय? एक तरी नाव सांग!"

झांनी नौशादकडे पाहिलं. नौशादने मान खाली घातली. आदल्या संध्याकाळी दोघांनी बसून तेही सोडवलं होतं.

"नावं मी केव्हाच दिलीत, सर," ठाकुर शांतपणे म्हणाले. "ज्या पाच मुलांना बसवलंत त्यांची, आणि ज्यांच्या जागी बसवलंत त्यांचीही. एकोणिसावा संच. तुमच्याच पुस्तकात आहे, तुमच्याच नावाने छापलेला."

सरांनी दारापाशी जाऊन ओरडून पाहिलं, पुस्तकं बंद करा म्हणून. पानं उलटण्याच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेलं नाही. सातव्या बाकावर अंशुने डोळे पुसले आणि सगळ्यांना दाखवलं, बोट कुठे ठेवायचं ते.

पहिल्या अक्षरावर बोट ठेवून चारशे पोरं एका सुरात म्हणाली, "एक."