गुडघाभर पाणी

मी नबिला. शारजाला, अल मजाजमध्ये राहते.

विश्वास ठेवायचा की नाही हे तुमच्यावर सोडते. पण ही ऐकीव गोष्ट नाही… मी तिथे उभी होते.

गेल्या वर्षी ईदच्या सुट्टीत आम्ही चौघं जपानला गेलो होतो. माझी मोठी बहीण मुनिबाआपा, तिचे मिस्टर फहदभाई, त्यांची मुलगी खतीजा आणि मी. फहदभाई फुजैराला असतात.

म्हणजे, असायचे.

बंदराबाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांना सामान पोचवणाऱ्या लाँचेसचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता. माणूस कडक. घरात त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा.

टोकियो झालं, ओसाका झालं. मग आपा गर्दीला कंटाळली. म्हणून शेवटचे दोन दिवस आम्ही नदीकाठच्या एका लहानशा शहरात गेलो. नाव लिहीत नाही. आपाने नको म्हटलंय.

इतकं शांत शहर मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. रस्त्यावर हॉर्न नाही. कुणाचा आवाज चढलेला नाही. नदीच्या दोन्ही काठांना फुलांनी लगडलेली झाडं. नदी रुंद होती, पण पाणी जेमतेम गुडघाभर. तळातले गोटे दिसायचे. पलीकडे जायला पाण्यात मोठे चौकोनी दगड ओळीने बसवलेले. शाळेतल्या मुली त्यावरून उड्या मारत घरी जायच्या.

समुद्र तिथून खूप लांब. मधे डोंगरच डोंगर.

आमचं राहायचं ठिकाण अगदी काठावर होतं. मालकीण म्हातारी, वाकून वाकून बोलणारी. आम्ही दारात चपला काढत होतो, तेवढ्यात तिने एक टॉवेल आणून फहदभाईंच्या हातात दिला. आणि त्यांच्या मागे बोट दाखवलं.

आम्हाला काही कळेना. तेव्हा ती तिच्या मोबाईलमध्ये काहीतरी बोलली. मोबाईलमधून इंग्रजी आवाज आला.

"प्लीज गिव्ह दिस टू द वेट मॅन."

बाहेर लख्ख ऊन होतं. आम्ही चौघंही कोरडे होतो.

खतीजा हसली. "दॅट ॲप इज सो बॅड, मम्मा."

फहदभाई हसले नाहीत. त्यांनी टॉवेल तसाच कट्ट्यावर ठेवला आणि आत गेले. मागे वळून न बघता.

संध्याकाळ झाली. तिथे संध्याकाळी सगळ्या शहरात भोंग्यावर एक संथ सूर वाजतो. मुलांनो, घरी जा, असं सांगणारा. तो सूर वाजला आणि थांबला…

आणि त्याच्याबरोबर नदीचा आवाजही थांबला.

दुपारपासून तो खळखळाट कानात होता. तो नाहीसा झाला, तेव्हा कळलं की तो होता. मी आणि आपा एकमेकींकडे बघायला लागलो.

खतीजा खिडकीपाशी बसली होती.

"मम्मा, व्हॉट्स दोर?"

"डोअर म्हणजे दरवाजा, बेटा," आपा म्हणाली.

"नॉट डोअर. दोर. द मॅन डाउन देअर कीप्स सेइंग इट."

"काय म्हणतोय?"

खतीजाने डोळे मिटून, ऐकून ऐकून, एकेक शब्द उच्चारला.

"साहेबानू… दोर टाका…"

या मुलीचा जन्म इथला, अमिरातीतला. तिला मराठीची दोन वाक्यं धड येत नाहीत. आणि ती बोलली ते तर मालवणी होतं.

मी खिडकीशी गेले. काठ रिकामा होता. पाणी रिकामं होतं. मला काहीच ऐकू आलं नाही.

फहदभाई उठले. त्यांनी माझ्यासमोरून हात घालून खिडकी सरकवून बंद केली.

"कुणी नाहीये तिथे. खलास. जेवायला चला."

जेवताना त्यांनी एकही घास घेतला नाही.

सकाळी आपाने मला हाक मारली. फहदभाईंच्या गादीच्या बाजूची चटई ओली होती. दारापासून गादीपर्यंत, आणि मग गादीच्या कडेने… जणू कुणीतरी ओलं येऊन त्यांच्याजवळ बराच वेळ बसलं होतं.

"नळ गळत असेल," आपा म्हणाली.

त्या खोलीत नळ नव्हता.

मी वाकले. वास ओळखीचा होता. खारं पाणी आणि डिझेल. फुजैराच्या जेट्टीवर येतो, तोच.

फहदभाई भिंतीला टेकून बसले होते. त्यांचा चेहरा एका रात्रीत ओढल्यासारखा दिसत होता. "यल्ला, चला, बॅगा भरा. आजच निघायचं."

स्टेशनला जायला टॅक्सी दुपारनंतर मिळणार होती. आम्ही बॅगा दारात आणून ठेवल्या. आपा खतीजाचे केस विंचरत होती. मालकीण चहा घेऊन आली, तिने आमच्याकडे पाहिलं आणि ट्रे घेऊन थांबली.

फहदभाई तिथे नव्हते.

मी बाहेर धावले. ऊन होतं. पलीकडच्या काठावर एक बाई कुत्र्याला फिरवत होती. सगळं नेहमीसारखं. आणि नदीच्या मधोमध, एका दगडावर, फहदभाई उभे होते. आमच्याकडे पाठ करून.

ते कुणाशी तरी बोलत होते.

"मी म्हटलं होतं ना, दुसरी बोट पाठवतो… म्हटलं होतं ना…"

"फहदभाई," मी हाक मारली. "मागे या."

ते वळले. त्यांनी मला पाहिलं. मग त्यांचा पाय घसरला, की कुणी खेचला… मी शपथेवर सांगते, मला घसरल्यासारखा वाटला नाही.

ते पाण्यात पडले.

पाणी गुडघाभर होतं. उठून उभं राहायचं, एवढंच. पण ते उठले नाहीत. ते खाली जात होते. कंबरेपर्यंत. छातीपर्यंत. त्यांच्या आजूबाजूला गोटे स्वच्छ दिसत होते, आणि ते मात्र खोल पाण्यातल्या माणसासारखे हात मारत होते. त्यांच्या तोंडात पाणी जात होतं.

मी दगडांवरून धावले. गळ्यातली ओढणी काढली आणि एक टोक त्यांच्याकडे फेकलं. त्यांनी ते पकडलं. मला ताण जाणवला. मी खेचलं. ते वर यायला लागले. खरंच यायला लागले…

मग ओढणी फाटली. चरचरत नाही. एकदम, कुणी चाकू फिरवावा तशी.

मी पाण्यात उडी मारली. पाणी माझ्या गुडघ्यालाही पोचलं नाही.

तिथे कुणी नव्हतं.

नदीचा खळखळाट चालू होता.

पोलीस आले. फार नम्र माणसं. रबरी बूट घालून त्यांनी सगळी नदी तुडवली, खाली पार दुसऱ्या पुलापर्यंत. कुत्रे आणले. काही सापडलं नाही. माझं सांगणं त्यांनी इंग्रजीत उतरवून घेतलं, पण एवढ्याशा पाण्यात धडधाकट माणूस नाहीसा कसा होईल? पलीकडच्या बाईने पाण्यात एकट्या मलाच पाहिलं होतं. फहदभाईंचं पाकीट आणि पासपोर्ट त्यांच्या खिशातच होते, तेही त्यांच्याबरोबर गेले.

निघताना पोलिसांच्या साहेबांनी आपाला हळूच सांगितलं, की कधीकधी माणसं स्वतःहून निघून जातात. घरच्यांना ते पटत नाही.

आपा घरी आली तेव्हा ती रडतही नव्हती.

नंतर एकदा अलीमियाँ भेटायला आले. फहदभाईंच्या लाँचवरचे तांडेल, म्हणजे लाँच चालवणारे, आमच्याच राजापूरकडचे, म्हातारे. आपा तेव्हा खतीजाला घेऊन माझ्याकडेच राहायला आली होती. मी त्यांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"दत्ताराम," ते म्हणाले.

"कोण दत्ताराम?" आपाने विचारलं.

"देवगडचा खलाशी. फहदनेच आणला होता. वादळी वाऱ्यामुळे बंदर बंद होतं. तरी फहद आम्हाला घेऊन बाहेर पडला, चोरून. जहाजाच्या शिडीवरून दत्ताराम पाण्यात पडला. जिता होता, बेटी. पोहत होता. दोर मागत होता. मी दोर उचलला, तर फहदने माझा हात धरला. म्हणाला, थांबलो तर लाँच जहाजावर आपटेल, आपण सगळे मरू. मागे फिर, दुसरी बोट पाठवतो."

"पाठवली?"

अलीमियाँनी नकारार्थी मान हलवली.

"पाठवली असती तर विचारलं असतं ना, बंद बंदरातून बाहेर गेलात कसे. त्याने तक्रार दिली की दत्ताराम काम सोडून पळाला. फरार. दत्तारामची बायको घरून फोन करायची. तिला पण तेच सांगायचा. तुझा माणूस पळाला, आम्हाला काय विचारतेस. गावात लोक तिला काय काय बोलले असतील…"

"आणि तुम्ही?"

"मी गप्प बसलो," ते म्हणाले. "मला पण नोकरी होती."

आपाने त्याच आठवड्यात त्यांना फुजैराला नेलं. त्यांनी पोलिसात जबाब दिला. दत्तारामच्या नावावरचा तो फरारचा डाग निघेल, असं वकील म्हणाला.

मग आपाने देवगडला फोन लावला. दत्तारामची बायको, कृष्णाबाई. आपाने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. माफी मागितली.

तिकडून शांत आवाज आला.

"माका ठावक आसा. तो येवन सांगान गेलो."

तो येऊन सांगून गेला, हे ऐकून आपाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुमचो माणूस गावलो?" कृष्णाबाईने विचारलं.

"नाही अजून."

"गावाचो नाय."

सापडणार नाही. एवढंच. त्यात राग नव्हता, आनंदही नव्हता.

आपा रडायला लागली. म्हणाली, बाई, माझी मुलगी लहान आहे, तिचा यात काय दोष.

"चेडवाक काय करूचो नाय तो. तुमकाय नाय. भिया नकात."

मुलीला तो काही करणार नाही म्हटल्यावर आपाने डोळे पुसले.

"पण तुमच्या बहिणीन वढणी टाकल्यान," कृष्णाबाई म्हणाली. "ता तेका आवडूक नाय."

ते त्याला आवडलेलं नाही, एवढं सांगून तिने फोन ठेवला.

आपाने हे मला लगेच सांगितलं नाही. बरेच दिवस ती मला एकटीला बाथरूममध्ये जाऊ देईना, तेव्हा मी खोदून विचारलं. ओढणीचं कृष्णाबाईला कुणी सांगितलं? आपाने नाही. अलीमियाँनी नाही. त्यांनी तिच्याशी कधी बोलायची हिंमतच केली नाही.

माझ्या खिडकीतून खालिद लगूनचं पाणी दिसतं. संध्याकाळी लोक मुलाबाळांना घेऊन काठाने फिरतात. पूर्वी मीही जायचे.

बुडणाऱ्या माणसाला मी हात दिला. पुन्हा तसं झालं तर पुन्हा देईन, असं मी सगळ्यांना सांगते.

पण कृष्णाबाईला फोन करून हेच सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही… कारण ती ते त्याला सांगेल.