तिवराची नाकं

"तो कोयता खाली ठेवा आधी."

एरवी भाग्यश्रीचा आवाज इतका चढत नसे. पण वेळदुर्गाच्या तटाखाली, खाडीच्या चिखलात एक उंचापुरा माणूस तिवराची मुळं एका लयीत छाटत चालला होता, आणि ते बघून तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. गडाभोवतीचं हे निसर्ग उद्यान सांभाळणं ही तिची नोकरी. इथलं प्रत्येक झाड तिच्या वहीत होतं.

त्यानं मान वर केली. गुडघ्यापर्यंत चिखल, आणि चेहऱ्यावर असं मोकळं हसू की तिला आणखीनच राग आला.

"वाट साफ करतोय मॅडम. आमची पोरं गड झाडायला आल्यात, साताऱ्याकडनं. हे बुडखे लोकांच्या पायात घुसत्यात. जमिनीलगत छाटलं म्हंजे फुटवा पण जोरात येतो."

"हा ऊस नाही."

"मग काय हाय?"

"नाकं आहेत झाडाची. चिखलात हवा नसते, म्हणून तिवर मुळं अशी वर काढून श्वास घेतो. तुम्ही चार झाडांचा श्वास कोंडलात."

त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं. त्यानं खाली बघितलं, मग झाडांकडे.

"मरतील?" त्यानं हळूच विचारलं.

"सांगता येत नाही."

खरं तर त्याची चूक तिला पुरती कळत होती. ऊस तुटला की बुडखे तासायचे, तरच खोडवा, म्हणजे त्याच मुळांवरचं पुढचं पीक, नीट येतं. हे ज्याच्या हातात लहानपणापासून मुरलंय, तो हात डोक्याला कशाला विचारतोय? ती स्वतःही सांगलीजवळच्या समडोळीच्या शेतकऱ्याची लेक. त्यामुळे तिला धड रागावताही येईना.

त्याचं नाव धैर्यशील, गाव रहिमतपूर. पुढच्या रविवारी तो एकटाच आला, पाटणवरून घाट उतरून, मोटारसायकलवर. घरी ऊसतोड चालू होती, तरी आला.

"झाडं बघाय आलोय," म्हणाला, आणि पिशवीभर रताळी तिच्यापुढे ठेवली.

"आम्ही जैन. जमिनीखालचं खात नाही."

पुढल्या रविवारी ओला हरभरा आला. "ह्यो जमिनीच्या वर येतोय," त्यानं गंभीरपणे सांगितलं, आणि तिला हसू दाबता आलं नाही. मग दर रविवारी ओहोटीला दोघं तटाखालून चालायचे. तो झाडांचं विचारायचा, ती खंड्या दाखवायची, खेकड्यांची बिळं दाखवायची... आणि शनिवार आला की भाग्यश्री उगाचच दोनदा आरशात बघायची.

पाचव्या रविवारच्या आधी चिखलातून पहिलं कोवळं टोक वर आलं. ती आनंदानं टाळी वाजवणार, तोच तिच्या मनात आलं. झाडं बरी झाली तर हा कशाला येईल?

त्या रविवारी ती म्हणाली, "अजून सांगता येत नाही." त्याच्या पुढच्याही. आणि त्याच्याही पुढच्या.

आठव्या रविवारी सकाळीच अण्णांचा, तिच्या वडिलांचा, फोन आला. इचलकरंजीचं स्थळ घरी येऊन गेलं होतं, मुलगा चांगला होता, आणि अण्णांना संध्याकाळपर्यंत हो की नाही ते हवं होतं.

धैर्यशील आला तेव्हा ती नव्या टोकांच्या बरोबर पुढे उभी होती, ओढणी जरा पसरून.

"काय म्हणत्यात झाडं?"

"अजून... सांगता येत नाही."

तो खडकावर टेकला. "एक बोलू? तुमच्या मागं अकरा कोंब हायत. गेल्या रविवारी सात होते."

भाग्यश्रीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"शेतकऱ्याला कोंब दिसत न्हाई व्हय?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर पुढच्या खेपंला काय सांगून आलो असतो?"

वाऱ्यानं ओढणी उडाली. तिनं ती धरली नाही.

"आज संध्याकाळी मला घरी उत्तर द्यायचंय," ती म्हणाली. "स्थळ आलंय."

त्याचा चेहरा उतरला. "चांगलं हाय?"

"चांगलं आहे."

"मग?"

"मग काय... मला तुम्ही आवडता."

त्याचे डोळे भरून आले. "मला तर तुमी वरडला तवापास्नंच," तो कसाबसा म्हणाला. "पर तुमच्या घरी चालंल?"

तिलाही तीच धास्ती होती. अण्णांचा शब्द तिनं आजवर मोडला नव्हता, आणि मोडायची वेळ आली तर आपल्याला जमेल का, हेही तिला ठाऊक नव्हतं. तरी तिनं अण्णांना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

"आपल्यातला न्हाई?"

"नाही अण्णा."

"दे त्याला फोन."

धैर्यशीलनं हात पँटीला पुसला. "नमस्कार काका. रहिमतपूरचा धैर्यशील बोलतोय. आवं, ओळख म्हंजे... माझ्या हातनं त्यांची चार झाडं छाटली गेली. तवापास्नं येतोय बघायला."

"जगली का?" अण्णांचा आवाज तिला फोनबाहेरही ऐकू आला.

"जगली."

"किती दिस लागलं?"

"आठ रविवार."

"आणि आठी रविवार घाट उतरून आलास?"

"व्हय."

भरतीचं पाणी दोघांच्या पावलांपर्यंत आलं, पण कुणीही हललं नाही.

"भावकी लय बोलंल," अण्णा म्हणाले. "हिच्या आईलाही समजवावं लागंल. मी कबूल काय बी करत न्हाई. येत्या रविवारी घरी जेवायला ये. दिवस मावळायच्या आत ये, आमच्यात नंतर कोण जेवत न्हाई."

फोन बंद झाला. धैर्यशील गोंधळून तिच्याकडे बघत राहिला. "जेवाय बोलावलंय. पर कबूल न्हाई म्हणाले. ह्याचा अर्थ काय धरायचा?"

भाग्यश्रीला हसू आणि रडू एकदमच आलं. तिनं त्याचा चिखलाचा हात आपल्या हातात घेतला.

"इचलकरंजीवाल्यांना नुसतं चहाला बोलावलं होतं," ती म्हणाली.