नाकापुढची जागा

कोल्हारला माझा फोटो स्टुडिओ होता. चौकटीत माणूस कुठं बसवायचा, यात माझा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. हे मीच सांगत असे, कारण दुसरं कुणी सांगत नव्हतं.

बाहत्तरच्या संक्रांतीनंतर गोजरबाई आल्या. त्यांचा मुलगा कानिफनाथ हवाई दलात होता. डिसेंबरच्या लढाईत त्याचं विमान बेपत्ता झालं होतं. त्यांनी पदराखालून एक लाकडी विमान काढलं. सुट्टीत आला असताना त्यानंच ते कोरलं होतं.

"शामभाऊ, उडतंय असा फोटू काढा. घरी येतंय, असा."

प्रवरेच्या काठावर काळ्या दोऱ्यानं ते टांगलं. मी वाळूत उताणा पडलो आणि मनासारखा ढग मागं येईपर्यंत थांबलो. छापल्यावर ब्रशनं दोरा घालवला. विमान अगदी डावीकडं, पुढं सगळं आभाळ मोकळं. खरंच देखणा फोटो झाला होता.

"म्होरं येवढी जागा कशापायी?" गोजरबाईंनी विचारलं.

"यायला वाट नको?"

त्यांना ते पटलं. फोटो त्यांनी दारालगतच्या भिंतीवर लावला, विमानाचं नाक घराकडं करून.

चैत्रात त्या म्हणाल्या, "इमान म्होरं सरकलंय." मी हसलो आणि पट्टी लावली. नाकापुढं सहा इंच सोडले होते. चार उरले होते. फ्रेम उघडली. कागद जागच्या जागी चिकटलेला. स्टुडिओत येऊन निगेटिव्ह उजेडात धरली. तीत विमान डावीकडंच होतं.

ज्येष्ठात एक इंच उरला. मला भीती वाटली, उगाच कशाला लपवू.

"काढून ठेवा तो फोटो," मी म्हणालो.

"आन् त्यानं यावं कुटनं?"

श्रावणात निरोप आला, कॅमेरा घेऊन या. भर दुपारी गेलो. फ्रेममध्ये नुसतं आभाळ होतं.

गोजरबाई नवं लुगडं नेसून घोंगडीवर बसल्या होत्या. चेहरा शांत, धुतल्यासारखा.

"आमा दोगांचा काढा."

मी कॅमेऱ्यातून पाहिलं. त्या एका कडेला होत्या, अर्धी चौकट मोकळी. 'मध्ये सरका' म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

त्यांच्या शेजारी घोंगडी हळूहळू दबत होती.

"हलू नका," मी सवयीनं म्हणालो.

घोंगडी दबायची थांबली.