तांब्याच्या नळीवरची ओल

"मी चोर नाही, एवढं शाबीत करून द्या. तोवर मी गप्प बसणार नाही."

एसी बसवणारी फिटरबाई आत्याबाईंच्या ऑफिसात उभ्याउभ्याच बोलत होती. आत्याबाई खाजगी तपासाची कामं करत. चाळिशीतला, गलेलठ्ठ भाचा त्यांची गाडी चालवी आणि त्यांच्याआधी चोर ओळखायची मनातल्या मनात पैज लावी. आजवर तो एकदाही जिंकला नव्हता.

फिटरबाईनं हकिकत सांगितली. काल तिनं एका घरी एसी बसवला. काम संपत आलं आणि घरच्या आजींची सोनसाखळी कपाटातून नाहीशी झाली. लगेच दार लावून सगळ्यांचे खिसे, पिशव्या, खोल्या तपासल्या. काहीच सापडलं नाही. तरी खापर फुटलं फिटरबाईवर. तिनं म्हणे साखळी बाल्कनीतून खाली साथीदाराकडे टाकली. आजींनी शेजारी दारोदार हेच सांगितलं.

"काम कसं केलंत ते सांगा," आत्याबाई म्हणाल्या.

"बाहेरचं युनिट बाल्कनीत आहे. आतून तिथवर तांब्याच्या दोन नळ्या नेल्या. नळ्यांवर काळ्या फोमचं अखंड आवरण चढवलं, सांधे जोडले. वरून पांढरी पट्टी गुंडाळली, खालून वर. तसं केलं की पावसाचं पाणी आत शिरत नाही. मग नळ्यांतली हवा ओढायला पंप लावला आणि खोलीतल्या युनिटचं झाकण बसवायला आत गेले. पट्टीचं उरलेलं रीळ बाल्कनीतच होतं. झडतीनंतर गॅस सोडला आणि एसी चालू करूनच निघाले. अर्धवट काम टाकणं मला जमत नाही."

भाच्यानं गाडी काढली. फिटरबाईही बरोबर निघाली.

आजींचा आवाज अजून तापलेला होता. "काल सकाळीच मी सांगितलं होतं, साखळी सुनेला देणार. दुपारी ती गायब!"

"मला मिळणारच होती, मग मी चोरीन कशाला?" सून म्हणाली. भाच्याला ते उत्तर फारच तयारीचं वाटलं. त्यानं पैज सुनेवर लावली.

चार दिवस माहेरी आलेली आजींची लेक बॅग भरत होती. तिला संध्याकाळी निघायचं होतं.

"मी स्वयंपाकघरातून हललेसुद्धा नाही," ती म्हणाली. "बाल्कनीत डोकावले ती पट्टी गुंडाळून झाल्यावर, झडतीच्या वेळी. त्या बाईच्या कामात काही राम नाही. आतलं काळं आवरणसुद्धा फाटकं. असल्यांना घरात घ्यावंच कशाला?"

एसी चालूच होता. बाल्कनीत नळ्या उभ्या भिंतीला धरून खाली आल्या होत्या. पट्टीवर खांद्याच्या उंचीला पाण्याचे थेंब जमले होते. बाकी सगळी कोरडी. आत्याबाईंनी पट्टीवरून नख वरून खाली फिरवलं. ते सरसर आलं, ओलीपाशी अडकलं, पुढे पुन्हा सरसर गेलं.

त्यांनी सगळ्यांना बाल्कनीत बोलावलं.

"खालून वर गुंडाळलेल्या पट्टीवर नख खाली येताना अडकत नाही. इथं अडकतं, म्हणजे एवढाच तुकडा कुणीतरी वरून खाली गुंडाळलाय. फिटरबाईंचा हात असा चालणार नाही. ओलही इथंच आहे, कारण गार नळीवरचं आवरण इथं चिरलंय. फिटरबाईंना काही लपवायचं असतं तर आवरण चढवतानाच लपवलं असतं, चिरायची गरज नव्हती. झडतीत नळी कुणी सोडून बघणार नाही, आणि जाताना साखळी काढून घेता येईल, असा बेत होता. सोडा पट्टी."

फिटरबाईनं पट्टी सोडली. फोमच्या चिरेतून साखळी बाहेर आली.

"मग कुणी?" भाच्यानं सुनेकडे पाहत विचारलं.

"पट्टीखालचं आवरण फाटलंय, हे चिरणाऱ्यालाच ठाऊक असणार," आत्याबाई लेकीकडे वळल्या. "तुम्ही तर पट्टी गुंडाळून झाल्यावर आलात. मग आतलं दिसलं कसं?"

लेक आजींसमोर येऊन उभी राहिली. मग आजींना म्हणाली, "बाबांचं आजारपण मी काढलं. साखळी हिला देणार म्हणताना तू माझ्याकडे एकदा पाहिलंसुद्धा नाहीस."

आजी बाल्कनीतल्या खुर्चीत टेकल्या. "पाहायला हवं होतं. ती चूक माझी. पण दुसऱ्याच्या लेकीवर आळ येऊ दिलास, हे मी पोटात घालणार नाही."

त्या फिटरबाईकडे वळल्या. "ज्या ज्या दारात मी तुमचं नाव घेतलं, तिथं तुमच्याबरोबर येऊन खरं काय ते सांगते. आधी नळीचं काम आटपायचं असेल तर—"

"आधी चला," फिटरबाई म्हणाली. "नळी थांबेल."

आजींनी पायात चपला सरकवल्या.