कुलूप उघडलं, पण सही कुठाय?

"दरवाजा नंबर तीन, चार वाजता पूर्ण उघडा!" धरणाच्या नियंत्रण कक्षातल्या पडद्यावरचा हुकूम बडबड्याने मोठ्याने वाचला. चार वाजायला दहा मिनिटं होती.

"तीन?" त्याची बहीण चष्मिस दचकली. "अरे, त्याच दरवाजाखाली पाणबुडे काका जाळी साफ करताहेत! आत्ताच तर त्यांना टाटा केला आपण!"

सुट्टीत दोघं मावशीबरोबर इथे आली होती. मावशी संदेश सुरक्षित पाठवायची नवी पद्धत बसवायला आलेली, आणि नेमकी आत्ता तळघरात यंत्रांशी झटापट करत होती.

"साहेब, हा हुकूम खोटा असला तर?" चष्मिसने विचारलं.

"बाळा, आमचे संदेश कुलूपबंद येतात," दरवाजांच्या बटणांसमोर बसलेले साहेब हसले. "आमच्याच किल्लीने उघडला, म्हणजे मुख्य कचेरीचाच! आणि तो पाणबुड्या कधीच वर आला असेल."

"पण सहीच्या चौकटीत लाल फुली आहे!"

"ती रोजच असते. सही वेगळी करावी लागते, घाईत राहून जाते. तू कशालाही हात लावू नकोस!"

चष्मिसला असा राग आला! कुलूप लावायची किल्ली जगजाहीर असते, उघडायची तेवढी गुप्त, हे मावशीने कालच सांगितलं होतं. म्हणजे कुलूप तर कुणीही लावू शकतं! ती बडबड्याच्या कानात कुजबुजली. त्याने मावशीचा लॅपटॉप ओढला.

टिंग! पडद्यावर दुसरा हुकूम उघडला: 'साहेबांनी ताबडतोब एका पायावर नाचावे. मुख्य अभियंता.'

"हे कुणी पाठवलं?" साहेब ओरडले.

"मी!" बडबड्या म्हणाला. "आणि तुमच्याच किल्लीने उघडलं की!"

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. बटणाकडे निघालेला हात फोनकडे वळला. मुख्य कचेरीत शोधाशोध झाली. हुकूम उद्याच्या सरावाचा होता. एका कारकुनाने सहीची वाट न बघता कुलूप लावून आजच धाडला होता. आणि पाणबुडे काका? ते अजून पाण्याखालीच होते!

धावत वर आलेल्या मावशीने सगळं ऐकलं. "नव्या पद्धतीत सही आणि कुलूप एकाच गणितात होतात," ती म्हणाली. "सही खरी नसेल, तर संदेश उघडणारच नाही."

"ते कसं?"

"इलिप्टिक कर्व्ह नावाची एक वक्ररेषा असते. तिच्यावर बिंदूने उड्या मारायच्या. कुठे पोचला ते सगळ्यांना दिसतं, पण किती उड्या मारल्या ते भल्याभल्यांना हुडकता येत नाही. तो आकडा म्हणजे आपलं गुपित; त्याच्याशिवाय आपली सही कुणालाच करता येत नाही!"

दोघं आ वासून ऐकत राहिली. नुसत्या एका रेषेच्या जोरावर माणसाचा जीव राखता येतो! केवढं देखणं गणित!

"आजच बसवा," साहेब मावशीला म्हणाले. "चूक माझी होती. पोरांनी माझे डोळे उघडले!"

थोड्या वेळाने पाणबुडे काका निथळत आत आले. साहेबांनी काहीही न लपवता त्यांना सगळं सांगितलं. काकांनी आपला ओला हात चष्मिसच्या डोक्यावर ठेवला.

"माझी पोरगी तुझ्याएवढीच आहे," ते म्हणाले. "संध्याकाळी घरी गेलो, की तिला तुझी गोष्ट सांगणार."