तीन हातांवर अडकलेला निरोप

निरोप मी सकाळी सात वाजता पाठवला होता. साडेअकरा वाजले तरी फोनच्या पडद्यावर एकच ओळ दिसत होती : ‘तीन हात पुढे गेला.’ दर दोन मिनिटांनी मी बघत होते, जणू माझ्या बघण्याला घाबरून तो चौथा हात गाठणार होता!

निरोप असा होता : ‘बा, बाळ आलं. महिनाभर आधीच आलं. मुलगा आहे. फार लहान आहे म्हणून काचेच्या उबदार पेटीत ठेवलंय. आईला ताप आहे. ती सारखी तुलाच विचारते. लवकर ये.’ सोबत बाळाच्या मुठीचा फोटो. मूठ केवढी, तर सुक्या खारकेएवढी.

मी केतकी तांडेल. आमचं गाव खारवली, समुद्राला अगदी खेटून. बा म्हणजे माझे वडील, ‘एकवीरा प्रसाद’ या होडीचे नाखवा (होडीचा प्रमुख). आमच्या घरात बापाला कुणी अहोजाहो करत नाही, त्यामुळे मी त्याला ‘तो’ म्हणेन. तर तो परवा मासेमारीला गेला. “बाळाला अजून महिना हाय, आठ दिसांत येतू,” असं सांगून. निघताना मी त्याच्याशी धड बोललेसुद्धा नाही. माझं बक्षीस-वितरण दोन दिवसांवर आलं होतं आणि हा चालला समुद्रावर. “तू कधी नसतोसच,” एवढं म्हणून मी दार लावून घेतलं. आता त्या दाराची मला इतकी लाज वाटत होती की सांगता सोय नाही.

तुम्ही म्हणाल, होडीवर वायरलेस असतो ना? असतो. पण आमचा नेमका दुरुस्तीला गेला होता. मग मच्छीमार सोसायटीच्या वायरलेसवरून बाकीच्या होड्यांना विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच, “आमाला नाय दिसला.” बरं, कुठे शोधायचं म्हटलं, तर चांगली मासळी कुठे मिळते ती जागा कोणताही नाखवा सांगत नाही. बायकोलाही नाही. सांगितली, की दुसऱ्या दिवशी तिथे वीस होड्या हजर.

उरला होता तो फक्त नवा फोन.

हे फोन आमच्या गावात महिन्यापूर्वी आले. आणले हेमाआत्याने, म्हणजे बाच्या धाकट्या बहिणीने. ती आमच्या कोळीवाड्यातली पहिली इंजिनीयर. शहरातल्या प्रयोगशाळेत ती फोन बनवते. तिने चाचणीसाठी प्रत्येक होडीला एकेक फोन दिला, शिवाय एक मला आणि एक सोसायटीला. त्यावर चक्क दाबायची बटणं होती, जुन्या काळासारखी! मी हसले, तर ती म्हणाली, “हसू नकोस. काचेच्या पडद्याला बोट कळतं ते बोटातून वाहणाऱ्या बारीकशा विजेमुळे. खाऱ्या पाण्यातूनही वीज वाहते. मग ओल्या हातानं पडदा दाबला की बिचाऱ्याला कळतच नाही, बोट कुठलं आणि पाणी कुठलं. बटणाला असला प्रश्न पडत नाही.” फोनचा कॅमेरा धुक्यातही फोटो टिपत असे. पण खरी गंमत होती ‘हातोहात’ नावाच्या सोयीत.

साडेअकराला आत्या एसटीनं येऊन थेट दवाखान्यात पोचली. आधी आईच्या कपाळावर हात ठेवला, मग काचेतून बाळाकडे बघितलं, मग डोळे पुसले आणि मला बाहेर बाकावर बसवलं.

“दाखव फोन. तीनच हात? गावच्या सोळा होड्या आहेत ना समुद्रावर?”

“हो.”

“मग असं कसं झालं?” तिने माझ्या वहीवर टिंबं काढली. “हे बघ. मोबाइलचा मनोरा किनाऱ्यावर. त्याच्या लहरी (हवेतून जाणारे न दिसणारे संकेत) समुद्रात थोड्याच अंतरापर्यंत पोचतात. दादा असेल साठ-सत्तर किलोमीटर आत. म्हणून हा फोन मनोऱ्यावर अवलंबून राहत नाही. होडीच्या डोलकाठीवर आपण छोटी तार बसवलीय, अँटेना (लहरी पकडणारी आणि सोडणारी तार). तिच्यामुळे एका होडीचा फोन दहाएक किलोमीटरवरच्या दुसऱ्या होडीच्या फोनशी बोलू शकतो. तुझा निरोप पहिल्या होडीनं घेतला, दुसरीला दिला, दुसरीनं तिसरीला.”

“लग्नात पाण्याचे हंडे देतात तसे?”

“तसेच. आणि पुढे कुणी नसेल, तर हंडा खाली ठेवायचा नाही. हातात धरून थांबायचं, कुणी जवळ आलं की द्यायचा. याला रिले (घेतलेलं पुढे सोपवणं) म्हणतात. दिलेल्याची पोच उलट्या वाटेनं तुझ्याकडे येते, म्हणून तुला हात मोजता येतात.”

“मग तिसऱ्यानं हंडा धरून का ठेवलाय? पुढच्या होड्या गेल्या कुठे?”

शहरात आत्याने हाच फोन पाचशे माणसांना वापरायला दिला होता आणि एकही निरोप अडकला नव्हता. ती नखं खात बसली. मोठी माणसं नखं खातात तेव्हा मला फार भीती वाटते.

तेवढ्यात आतून नर्सताई आल्या. “केतकी, आई विचारतेय, बाबांना कळलं का?”

मी म्हटलं, “कळेल आता.” आणि आत्याचा हात ओढला. “बंदरावर चल.”

बंदरावर धाकूकाका नुकता होडी लावत होता. साठीचा नाखवा, आवाज भोंग्यासारखा, आणि बाचा जन्माचा प्रतिस्पर्धी. मी सरळ त्याचा फोन मागितला. बघते तर काय, ‘हातोहात’ बंद!

“काका, हे कुणी बंद केलं?”

“मीच. आनि मीच कशाला, समद्यांनी. पयल्या तीन होड्या नवख्या पोरांच्या हायत, त्यांना कायच कलत नाय. बाकी एकानंबी चालू ठेवलेलं नसंल. आपला निरोप बंद ठेवूनबी येतू, फकस्त दुसऱ्याचा म्होरं जात नाय.”

आत्या चिडली. “अरे काका, का पण? दुसऱ्याचा निरोप पुढे द्यायला तुमचं काय जातं? तो काय तुम्हाला वाचता येतो? कुलूपबंद असतो!”

“कुलूप? फोनमधी?” काका हसला.

आत्या जाळ्यांच्या ढिगावर बसली. रागावली की ती फार छान समजावते. “समज, केतकीच्या बानं गावात सगळ्यांना एकेक उघडं कुलूप वाटलं, आणि किल्ली आपल्या गळ्यात ठेवली. कुणीही पेटीत निरोप ठेवून ते कुलूप दाबू शकतं. दाबलं की बंद. आता पेटी दहा जणांच्या हातातून जाऊ दे, उघडेल फक्त बा. ज्यानं बंद केलं त्यालाही उघडता येणार नाही. याला एन्क्रिप्शन (मजकूर कुलपात घालणं) म्हणतात.”

“पण आत्या, फोनमध्ये कुलूप असतं कशाचं?”

“आकड्यांचं. सत्तेचाळीस गुणिले एकोणसाठ किती?”

मी वहीत केलं. “दोन हजार सातशे त्र्याहत्तर.”

“एका मिनिटात केलंस. आता उलटं. तुला नुसतं दोन हजार सातशे त्र्याहत्तर दिलं असतं आणि विचारलं असतं, की कोणत्या दोन संख्यांचा हा गुणाकार, तर?”

“तर मी दुपारभर भाग देत बसले असते.”

“आणि संख्या सहाशे अंकी असली, तर मोठमोठे संगणकही वर्षानुवर्षं बसतील. तो मोठा गुणाकार म्हणजे सगळ्यांना वाटलेलं उघडं कुलूप. त्याच्या पोटातल्या दोन संख्या म्हणजे बाच्या गळ्यातली किल्ली. जायला सोपं, परतायला अवघड, एवढीच युक्ती.”

मला इतका आनंद झाला की क्षणभर मी सगळं विसरले. पण धाकूकाका मान हलवत होता.

“पोरी, तुजी पेटी बंद, कबूल. पन पेटीवर शिक्के मारतंस त्याचं काय?” त्याने एक जुना निरोप काढून दाखवला. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं : ‘जलपरी, दर्यासागर, शिवसागर यांच्या हातून आला.’

“ती वाट आहे,” आत्या म्हणाली. “कुणी कुणी मदत केली ते कळावं, म्हणून मीच तशी सोय केली. आभार मानायला.”

“आबार!” काका गडगडाटी हसला. “आगो, ‘दर्यासागर’ बबन्याची. ‘जलपरी’ कुठं हुती ते मना ठावं हुतं. म्हनजे बबन्या तिथून धा किलोमीटरच्या आत. गेलू दुसऱ्या दिशी, गावली त्याची जागा! टनभर सुरमई आनली!” मग तो जरा वरमला. “बबन्याला कललं, त्यानं सगल्यांना सांगितलं. तवापासून समद्यांनी बंद केलं.”

आत्याचा चेहरा पडला. ती म्हणाली, “कोळ्याची मुलगी मी. माझ्या बाची जागा आमच्या आईलासुद्धा माहीत नसायची. आणि मी पेटीला कुलूप लावून वर पत्ता छापत बसले. चूक माझीच आहे, काका.”

“चूक राहू दे,” मी म्हटलं. मला रडू येत होतं. “शिक्के काढता येतील का?”

“या निरोपापुरते आणि त्याच्या उत्तरापुरते येतील. शिक्के मारू नका असं पेटीवरच लिहीन. फोन तसं ऐकतात.” तिने लॅपटॉप उघडला, जुना निरोप रद्द केला आणि अर्ध्या तासात नवा तयार केला. काकाने आपला, माझा आणि आत्याचा असे तीन फोन एकमेकांत फिरवून बघितले. आलेल्या निरोपावर एकही नाव नव्हतं, फक्त ‘दोन हात.’

“हां,” काका म्हणाला. “आता बोलू या.”

सोसायटीच्या ऑफिसात त्याने वायरलेसचा माइक माझ्या हातात दिला.

“मी केतकी. जनार्दन तांडेलाची मुलगी. आमच्याकडे बाळ झालंय. ते खूप छोटं आहे. बाला माहीतच नाही. तुमचा ‘हातोहात’ चालू कराल का? आत्यानं नावं काढलीत. कोण कुठे आहे ते कुणालाच कळणार नाही.”

खरखर. मग काकाने माइक ओढून घेतला.

“मी धाकू. बबन्या, तुजी जागा मीच चोरली, आता समद्यांच्या म्होरं कबूल करतू. यात तसं व्हनार नाय, मी सोता बघितलंय. पोरीचा निरोप हाय रं. जाऊ द्या म्होरं.”

पुन्हा खरखर. मग लांबून एक आवाज आला, “चालू केला.” बबनकाकाचा होता. मग दुसरा, “आमीबी केला.” मग तिसरा.

नवा निरोप पहिल्या तीन हातांपर्यंत आधीच पोचला होता. आता फोनवर चार आले. पाच. सहा तर लगेचच. सातवर दहा मिनिटं थांबला, तेव्हा आत्याने माझा हात इतका घट्ट धरला की तिची बोटं उमटली. मग आठ. मग नऊ, आणि त्याच्या खाली एक नवीन शब्द : ‘उघडला.’

मी तिथल्या तिथे आत्याच्या कुशीत शिरले आणि मोठ्यानं रडले.

पंधरा मिनिटांनी उत्तर आलं. बटणं दाबायची सवय नाही, म्हणून तोडकंच : ‘निघालो. आईला सांग. तुझा राग गेला का?’

मी लिहिलं, ‘कधीच गेला.’

पण त्याच क्षणी धाकूकाकाचाही फोन वाजला. मग ऑफिसातल्या मॅनेजरांचा. मग बाहेर बंदरावर दोन-तीन वाजले. बाने दुसराही एक निरोप पाठवला होता, आणि त्याला कुलूपच लावलं नव्हतं. ज्याच्या हातात जाईल त्याने वाचावा असा तो होता. त्यात नकाशावरची जागा होती, अगदी अचूक आकड्यांसकट, आणि खाली लिहिलं होतं : ‘जाळं ओढायला चार तास लागतील. तेवढं थांबत नाही. इथे सोडून निघालोय. मासळी भरपूर आहे. ज्याला जमेल त्यानं ओढून घ्या.’

काकाने ते दोनदा वाचलं. “ही ती जागा,” तो हळूच म्हणाला. “वीस वर्सं शोधतू हाय मी.” आणि टोपी काढून त्याने नुसतंच डोकं खाजवलं.

दिवेलागणीला बा दवाखान्यात पोचला. अंगाला मासळीचा वास, म्हणून नर्सताईंनी आधी आंघोळ करायला लावली. मग काचेच्या पेटीच्या गोल खिडकीतून त्याने एक बोट आत घातलं. एवढं मोठं, जाळ्यांनी चिरलेलं बोट. बाळाने ते धरलं. दुसऱ्या हाताने बाने मला जवळ ओढलं, आणि आई गादीवरून म्हणाली, “आता मना झोप येल.” तिचा ताप पहाटे उतरला.

बाचं जाळं बबनकाकाने ओढलं आणि सगळी मासळी आमच्या दारात आणून टाकली. आत्याने शहरात परतल्यावर शिक्के कायमचे काढले. आता फोन नुसते हात मोजतात. तिचं म्हणणं आहे, की पुढे भूकंपात, पुरात, मनोरे पडले तरी माणसांचे निरोप असेच हातोहात जातील, कुणाची गुपितं न सांडता. मला ते अगदी पटतं. फक्त मी तिला बजावलंय, की पुढचा फोन बनवण्याआधी धाकूकाकाला दाखव.

बाळाचं बारसं दोन महिन्यांनी केलं, ते चांगलं गुटगुटीत झाल्यावर. आत्याने रीतीप्रमाणे त्याच्या कानात नाव सांगितलं, ‘समीर.’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग बा पुढे झाला. पाळण्यात वाकून त्यानेही बाळाच्या कानात काहीतरी सांगितलं, बराच वेळ.

“बा, काय सांगितलंस?”

“नवी जागा गावलीय,” तो म्हणाला. “कुनालातरी ठावं असावी.”

धाकूकाका तेव्हापासून रोज समीरला खेळवायला येतो. समीरने अजून त्याला काही सांगितलेलं नाही.