मोकळ्या वाटेवर थांबलेली बस

बर्फातल्या सुरमया. बर्फाला पाणी सुटायला लागलेलं.

भिंतीवरचा फलक. पुढची गोल बस: आत्ता. त्याखाली: आत्ता. त्याखाली: आत्ता. त्याखाली: अर्ध्या तासाने.

टेबलावर गोल पसरलेले चुरमुरे आणि त्यांत चार शेंगदाणे.

एका यंत्राच्या स्मृतीतलं वाक्य: माणूस येतंय, जरा थांब.

त्याच वाक्यावरचा शेरा: संध्याकाळी पुसणे.

हे सगळं एकाच दुपारचं आणि एकाच जागेचं.

तिठा म्हणजे तीन वाटा मिळतात ती जागा. समुद्राकाठच्या या शहराने नवं स्थानक बांधलं तेव्हा त्याला तिठा स्थानक हेच नाव दिलं. वरच्या मजल्यावर रेल्वे, तळघरात मेट्रो आणि मधे, जमिनीवर, बस. चार गोल बस स्थानकातून निघत आणि कॉलेज, बंदर, इस्पितळ करत परत येत. त्यांना चालक नव्हते. दार कधी लावायचं, बस कधी सोडायची, हे थांब्या ठरवी. थांब्या हा रोबो. त्याचं धड स्थानकाच्या नियंत्रण कक्षात असे आणि डोळे, कान, आवाज चारही बसमध्ये.

त्याला इथली रीतभात शिकवायचं काम शहराने मुलांवर सोपवलं होतं. थांब्या सहावीतल्या शाल्मली मयेकरच्या वाट्याला आला. या भागातले जुने कंडक्टर जे करत तेच तिने त्याला शिकवलं: पाणंदीतून कुणी हात वर करून धावत येताना दिसलं, तर बस सोडायची नाही.

आता त्याचंच खापर थांब्यावर फुटत होतं.

"बसला स्वतःची वेगळी वाट आहे," स्थानकाचे व्यवस्थापक तिरोडकर म्हणाले. "मधे गाय नाही, रिक्षा नाही, वरात नाही. चारही बस सारख्या अंतराने सोडतो. आणि परत येताना बघा."

त्यांनी पडदा दाखवला.

निघताना: ब . . . . ब . . . . ब . . . . ब

परतताना: ब ब ब . . . . . . . . . . . . ब

"लोक अर्धा तास ताटकळतात आणि मग तीन बस एकदम येतात. का? हा येईल त्याच्यासाठी थांबतो म्हणून. संध्याकाळी ती शिकवण पुसून टाकणार. दार वेळेवर बंद. कुणी धावो नाहीतर लोळो."

शाल्मलीने थांब्याकडे पाहिलं. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

शाल्मलीसोबत तिची रेवाआत्या आली होती. रहदारीचं गणित हा आत्याचा अभ्यासाचा विषय. ती मघापासून तिरोडकरांच्या भेळेतले चुरमुरे वेगळे काढत होती.

"शामी, हा गोल म्हणजे रस्ता. हे चार शेंगदाणे म्हणजे बस. प्रत्येक थांब्यावर माणसं सारखी जमत राहतात. हे चुरमुरे. आता ही बस कुणासाठी तरी अर्धं मिनिट थांबली. पुढच्या थांब्यावर काय होईल?"

"अर्धं मिनिट उशिरा पोचेल."

"तेवढ्यात तिथे?"

शाल्मलीने त्या जागी आणखी दोन चुरमुरे ठेवले. "दोन माणसं वाढली. म्हणजे चढायला आणखी वेळ. म्हणजे त्याच्या पुढच्या थांब्यावर आणखी उशीर."

"आणि आणखी माणसं. याला प्रतिभरण म्हणतात (परिणाम उलटा फिरून आपल्याच कारणाला बळ देतो, ते). आता मागच्या बसचं सांग."

शाल्मलीने मागचा शेंगदाणा हळूहळू सरकवला. त्याच्या वाटेवर चुरमुरे फारसे नव्हते. पुढच्याने सगळे उचलले होते. "हिला माणसंच मिळत नाहीत. ही भराभर सुटणार." शेंगदाणा पुढच्या शेंगदाण्याला जाऊन टेकला. "चिकटली."

"मग मी तेच सांगतोय की," तिरोडकर म्हणाले. "थांबणंच बंद करा. आणि ते चुरमुरे माझे होते."

"बंद करा. उद्या एखाद्याची चाकाची खुर्ची चढवताना वेळ जाईल, परवा कुणाची पिशवी दारात अडकेल. बस पुन्हा चिकटतील, जरा उशिरा एवढंच. रोग थांबण्यात नाही, तिरोडकर. अंतरालात आहे (दोन बसमधल्या वेळात). पुढची थांबली हे मागचीला कळतच नाही."

शाल्मली शेंगदाण्यांकडे बघत राहिली. मग तिने मागचा शेंगदाणा थोडा मागे ओढला.

"पुढची थांबली तर मागचीनेही थांबायचं?"

"उशीर घालवायला आणखी उशीर?" तिरोडकर हसले. "करा. संध्याकाळपर्यंत करा काय ते. जमलं तर तुमची शिकवण राहील."

शाल्मलीने थांब्याला नवा नियम सांगितला: पुढच्या बसच्या फार जवळ गेलास, तर जवळच्या थांब्यावर उभा राहा, अंतर पडेपर्यंत. पुढची बस खोळंबली होतीच. मागची इस्पितळाच्या थांब्यावर उभी राहिली. दार उघडं, वाट मोकळी, आणि बस जागची हलेना.

थोड्याच वेळात कक्षात आवाज घुमला. बसमधून इसाबेलमावशी बोलत होती. बंदरावरून मासे घेऊन ती रेल्वेने रोज बाजारगावी जाई.

"गे बाय, वाट मोकळी आसा, मगे ही थांबली कित्याक?"

"मावशी, पुढची बस फार जवळ आहे," शाल्मली म्हणाली.

"मग तिका सांग धाव म्हणून. माका कित्याक धरून ठेवतंस? माझी गाडी जातली."

"थोडा वेळ फक्त."

"बर्फाक सांग तां. माका नको सांगू."

शाल्मलीचा हात बस सोडायच्या बटणाकडे गेला. बस सोडली तर मावशीला गाडी मिळाली असती आणि दोन्ही बस पुन्हा चिकटल्या असत्या. शाल्मलीने हात मागे घेतला.

बस सुटली ती ठरलेलं अंतर पडल्यावर. मावशीची गाडी गेली. ती पुढच्या गाडीने गेली आणि जाण्याआधी कक्षाच्या दारात येऊन जे बोलली, त्यातलं निम्मं तिरोडकरांनी शाल्मलीला ऐकू दिलं नाही.

संध्याकाळी पडद्यावर असं दिसत होतं:

ब . . . . ब . . . ब . . . . . ब

"अगदी सारखं नाही," तिरोडकर म्हणाले. फलाटावर गर्दी साचलेली नव्हती. त्यांनी शेरा खोडला. "राहू दे शिकवण."

शाल्मलीला आनंद झाला, पण पुरता नाही. "आत्या, मावशीचं काय?"

"पुढच्या बसचा उशीर सगळ्यांनी वाटून घेतला. तिच्या वाट्याला जास्त आला. हे गणितात बसतं, पण बरोबर आहे असं मी म्हणणार नाही."

"थांब्याचे डोळे फक्त बसमध्येच आहेत," शाल्मली म्हणाली. "वर रेल्वे कधी सुटते, खाली मेट्रो कधी येते, हे त्याला कुठे ठाऊक आहे? ते कळलं आणि थांबण्याआधी त्याने बसमध्ये विचारलं, कुणाला गाडी पकडायची आहे का, तर?"

"तर गणित तिप्पट अवघड होईल."

"होऊ दे."

थांब्या पहिल्यांदाच बोलला. "मी मावशींपासून सुरुवात करतो. त्या उद्या येतील ना?"

"येतील," तिरोडकर म्हणाले. "तू कान बंद ठेव."

येणाऱ्यासाठी थांबायची रीत शिकल्यावर थांब्याने पहिल्यांदा ज्या माणसासाठी बस थांबवली होती, तो व्यायामासाठी धावत होता.